पापणी पडलीय? ऑपरेशनआधी कारण शोधा. लहान मूल असेल तर मात्र वाट बघत बसू नका

वरची पापणी नेहमीपेक्षा खाली येऊन डोळा अर्धवट किंवा पूर्ण झाकला जातो, त्याला डॉक्टर 'टोसिस' म्हणतात. आपल्याकडे 'एक डोळा बारीक दिसतो', 'पापणी पडलीय', 'डोळा नीट उघडत नाही' असं म्हटलं जातं. ही पापणी ऑपरेशनने वर घेता येते आणि अनेकांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण प्रत्येक पडलेल्या पापणीला ऑपरेशन लागत नाही आणि प्रत्येकीची घाईही सारखी नसते. साप चावून पडलेल्या पापणीला तास मोजावे लागतात, तान्ह्या बाळाच्या पापणीला आठवडे आणि महिने, तर आजोबांच्या वर्षानुवर्षं हळूहळू उतरत आलेल्या पापणीचा निर्णय सावकाश घेतला तरी चालतो.

गावात बऱ्याचदा याच्या उलट होतं. आजोबांच्या पापणीची काळजी केली जाते आणि बाळाच्या बाबतीत 'मोठं झालं की उघडेल' म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून कुठल्या पापणीला किती घाई आहे, ऑपरेशन नेमकं काय असतं आणि त्यातून काय मिळतं, काय मिळत नाही, याची ही माहिती.

पापणी उचलतं कोण?

वरच्या पापणीत एक पातळ स्नायू असतो, त्याचं नाव लिव्हेटर. डोळ्याच्या खोबणीच्या आत, मागच्या टोकाला तो सुरू होतो आणि पुढे येऊन पडद्यासारखा पसरून पापणीला चिकटतो. पापणी उचलण्याचं मुख्य काम त्याचं. त्याला हुकूम देणारी नस मेंदूतून येते, ती तिसरी नस. लिव्हेटरच्या खाली म्युलरचा म्हणून ओळखला जाणारा आणखी एक छोटा स्नायू असतो, तो पापणी साधारण २ मिलिमीटर वर धरून ठेवतो. हे दोन्ही कमी पडले की माणूस नकळत कपाळाचा स्नायू वापरतो आणि भुवया वर ताणून बघतो.

यातल्या कुठल्याही ठिकाणी बिघाड झाला तरी बाहेरून एकच दिसतं, ते म्हणजे पडलेली पापणी. स्नायू जन्मतःच कमजोर असेल, स्नायूची पापणीकडची पकड सैल झाली असेल, नस दबली असेल, नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचत नसेल किंवा पापणीवर गाठ येऊन तिचं वजन वाढलं असेल. कारण वेगळं तसा उपचार वेगळा.

इथे एक गल्लत नेहमी होते. तोंड वाकडं होतं, म्हणजे चेहऱ्याची सातवी नस लुळी पडते, तेव्हा डोळा 'मिटत' नाही. टोसिसमध्ये डोळा 'उघडत' नाही. दोन्ही आजार वेगळे, त्यामुळे दवाखान्यात सांगताना 'डोळा बिघडलाय' एवढ्यावर न थांबता डोळा उघडत नाही की मिटत नाही ते स्पष्ट सांगा. कधी कधी पापणी पडलेलीच नसते. थायरॉइडच्या आजारात दुसऱ्या डोळ्याची पापणी वर गेलेली असते, म्हणून चांगला डोळा बारीक वाटतो.

काही तासांत धावपळ करायची वेळ

रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठतो, पोटात दुखतंय म्हणतो, उलटी होते आणि दोन्ही पापण्या जड होऊन खाली येतात. झोप नीट झाली नसेल, आंबट-तिखट बाधलं असेल असं घरच्यांना वाटतं. पण पावसाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत ही लक्षणं दिसली तर पहिला संशय मण्यारीचा घ्यायला हवा.

मण्यार रात्री फिरते. तिचे दात बारीक असतात, चावल्याची खूण बहुतेक वेळा दिसत नाही. सूज नसते, आग होत नाही. आपल्या जिल्ह्यात जुन्या काळापासून भीती फुरशाची. ब्रिटिश आमदानीत रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी इतका बदनाम होता की मारलेल्या फुरशांवर सरकार बक्षीस देई. फुरसं चावलं की जागा सुजते, रक्त येतं. त्यामुळे 'सूज नाही म्हणजे साप नाही' असा एक समज घरोघरी बसलेला आहे. मण्यारीच्या बाबतीत तो जिवावर बेततो. तिचं विष नस आणि स्नायू यांच्यातला संपर्क तोडतं. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, आवाज बसतो आणि शेवटी श्वास थांबतो. नागाच्या विषानेही पापण्या पडतात, पण तिथे चावल्याच्या जागी दुखणं आणि सूज बहुधा असते.

अशा वेळी पापणी हा इशारा समजा. १०८ ला फोन करा, माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीही करू नका. गाऱ्हाणं घालायचं असेल तर घरच्या एकाने मागे राहून घालावं, रुग्णाची गाडी त्यासाठी थांबवू नये. भारतात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. मण्यारीच्या दंशात लशीसोबत काही वेळा कृत्रिम श्वासही द्यावा लागतो, तोही काही दिवस. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडला राहून विंचूदंश आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणातल्या या दुखण्यांचा अभ्यास कोकणातल्याच दवाखान्यात बसून होऊ शकतो हे त्यांनी दाखवलं. सर्पदंशात रुग्ण वाचला की पापण्या आपोआप वर येतात. तिथे ऑपरेशनचा प्रश्नच नसतो.

साप नसतानाही पापणी अचानक, म्हणजे काही तासांत किंवा एका दिवसात पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. विशेषतः:

- पापणी पडली, सोबत जोरात डोकं दुखतंय, एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून तिसऱ्या नसेवर दाब आल्याचं हे लक्षण असू शकतं. यात मेंदूचा स्कॅन तातडीने लागतो.
- पापणी थोडीच पडली, पण त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा लहान झाली. मानेतल्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या आजाराची ही खूण असू शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये.
- पापणी पडण्यासोबत हातापायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं किंवा चेहरा एका बाजूला ओढला गेला.

मधुमेह असणाऱ्यांचीही तिसरी नस अचानक बंद पडू शकते. त्यात बाहुली बहुतेक वेळा नेहमीसारखी राहते आणि साखर ताब्यात ठेवली तर साधारण तीन महिन्यांत पापणी पुष्कळदा पूर्ववत होते. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी. 'मला शुगर आहे, त्यामुळेच झालं असेल' असं घरी बसून ठरवू नका.

सकाळी चांगली, संध्याकाळी पडलेली

काही जणांची पापणी सकाळी उठल्यावर ठीक असते आणि दिवस कलला की खाली येते. कधी उजवी, कधी डावी. सोबत दोन-दोन दिसणं, जेवताना चावून चावून जबडा थकणं, पाणी पिताना ठसका लागणं असेल तर मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या आजाराची तपासणी लागते. यात स्नायू चांगला असतो, पण नसेचा निरोप त्याच्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. डॉक्टर रुग्णाला एकटक वर बघायला सांगतात आणि पापणी थकून खाली येते का ते पाहतात. पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरून ती वर येते का, ही साधी चाचणीही केली जाते. मग रक्ततपासणी होते. या आजारावर गोळ्यांचे उपचार आहेत. घाईने पापणीचं ऑपरेशन केलं तर आजार तसाच राहतो आणि पापणीही पुन्हा बदलते.

बाळाची पापणी: इथे थांबणं महाग पडतं

जन्मतः पापणी पडलेली असते तेव्हा बहुतेक वेळा लिव्हेटर स्नायूच नीट घडलेला नसतो. त्यात आईचा दोष नसतो. ग्रहणात काही केलं, काही बघितलं, याचा यात संबंध नाही. हा स्नायू वय वाढलं म्हणून सुधारत नाही. मूल मोठं झाल्यावर डोळा थोडा जास्त उघडलेला वाटतो, कारण ते भुवया वर ताणायला शिकलेलं असतं.

खरा प्रश्न दिसण्याचा नसून नजरेचा आहे. जन्मानंतर डोळा आणि मेंदू एकत्र बघायला शिकत असतात. हे शिक्षण पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने होतं आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. या काळात पापणीने बाहुली झाकली तर त्या डोळ्याकडून मेंदूला चित्रच मिळत नाही. मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडून देतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. डोळा आतून निरोगी, पण नजर कमी. पुढे चष्म्याने ती पूर्ण भरून निघत नाही.

बाहुली झाकलेली नसली तरी धोका असतो. पडलेल्या पापणीच्या दाबामुळे बुबुळाचा गोलावा बदलतो आणि तिरका नंबर लागतो. काही मुलांना सोबत तिरळेपणाही असतो. त्यामुळे 'अर्धा तरी डोळा उघडा आहे ना' म्हणून निर्धास्त राहता येत नाही. बाहुलीत औषध घालून चष्म्याचा नंबर तपासायलाच हवा.

घरी कशावर लक्ष ठेवायचं? मूल हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघतं का? भुवया सतत वर ताणलेल्या असतात का? बोटाने पापणी उचलून धरतं का? हनुवटी वर करून बघणं म्हणजे मूल दोन्ही डोळे वापरायची धडपड करतंय. एका बाजूची पापणी पडलेली असून मूल असं काहीच करत नसेल, मान सरळ ठेवून खुशाल खेळत असेल, तर जास्त काळजी घ्या. कदाचित त्याने तो डोळा वापरणं सोडलेलं असेल.

काही बाळांत एक गंमतशीर वाटणारी गोष्ट दिसते. दूध पिताना जबडा हलला की पडलेली पापणी टपकन वर उडते. जबड्याच्या नसेची तार चुकून पापणीच्या स्नायूला जोडली गेल्याने असं होतं. मार्कस गन या डॉक्टरांनी १८८३ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ऑपरेशनची पद्धत त्यावरून बदलते. काही घराण्यांत दोन्ही डोळे आडवे लहान, पापण्या पडलेल्या, नाकाकडच्या कोपऱ्यात कातडीची घडी अशी ठेवण पिढ्यान् पिढ्या चालते. आई किंवा वडील यांपैकी एकाला ती असेल तर प्रत्येक मुलात ती येण्याची शक्यता निम्मी असते. अशा काही मुलींमध्ये पुढे पाळी लवकर बंद होण्याचा त्रासही असतो, म्हणून कुटुंबाने अनुवंशिकतेचा सल्ला घेतलेला बरा.

ऑपरेशन कधी? पापणीने बाहुली झाकली असेल तर वय न बघता लवकर, अगदी पहिल्या वर्षातही करतात. बाहुली मोकळी असेल, नजर आणि नंबर ठीक असेल, तर तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबता येतं. त्या वयात मोजमाप अचूक होतं. पण हे थांबणं दर काही महिन्यांनी तपासणी करत थांबणं असतं.

मुलींच्या बाबतीत 'लग्नाच्या वेळी बघू' हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं. विसाव्या वर्षी ऑपरेशन केलं तर पापणी वर येईल, फोटोत दोन्ही डोळे सारखे दिसतील. पण लहानपणी झाकलेल्या डोळ्याची नजर त्या ऑपरेशनने परत येणार नाही. ती मिळवायची वेळ अंगणवाडीच्या वयातलीच.

मोठेपणी हळूहळू पडणारी पापणी

वय वाढलं की लिव्हेटर स्नायूचा पापणीला चिकटलेला पातळ पडदा सैल होतो किंवा सुटतो. स्नायू धडधाकट, पकड सैल. वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे, डोळा सतत चोळणारे यांच्यात हे लवकर होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही काहींची पापणी थोडी खाली येते. मग 'मोतीबिंदू काढला तरी नीट दिसत नाही' अशी तक्रार होते आणि दोष भिंगाला दिला जातो. काही जणांत पापणी जागेवर असते, पण वरची कातडी सुटून पापणीच्या केसांवर लोंबते. त्याचं ऑपरेशन वेगळं, तिथे जादा कातडी काढतात. काहींना दोन्ही लागतं.

त्रास कसा ओळखायचा? वरच्या बाजूचं दिसणं कमी होतं. झेला घेऊन आंबा काढताना फांदी दिसायला मान मागे टाकावी लागते, एसटीची पाटी वाचताना बोटाने पापणी उचलावी लागते, पोथी किंवा पेपर वाचताना थोड्या वेळात डोळा मिटायला लागतो, संध्याकाळी भुवया ताणून कपाळ दुखतं. असा त्रास असेल तर ऑपरेशनचा विचार जरूर करा. त्रास काहीच नसेल, फक्त वयामुळे डोळे थोडे लहान दिसत असतील, तर ऑपरेशन नाही केलं तरी काही बिघडत नाही.

अपघातात पापणीला मार लागून ती पडली असेल आणि स्नायू तुटलेला नसेल, तर साधारण सहा महिने वाट बघतात. पुष्कळदा ती स्वतःहून सुधारते. स्नायू कापला गेला असेल तर मात्र लगेच शिवावा लागतो.

डॉक्टर काय मोजतात?

ऑपरेशन कुठलं करायचं हे दोन मापांवर ठरतं. पहिलं माप, समोर बघताना बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीची कड किती वर आहे. निरोगी डोळ्यात ते साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं. पापणी २ मिलिमीटर खाली आली तर सौम्य, ३ असेल तर मध्यम, ४ किंवा जास्त असेल तर तीव्र टोसिस.

दुसरं माप स्नायूच्या ताकदीचं. डॉक्टर अंगठ्याने भुवई दाबून धरतात, म्हणजे कपाळाची मदत बंद होते. मग खाली आणि वर बघायला सांगून पापणी किती मिलिमीटर सरकली ते पट्टीने मोजतात. निरोगी स्नायू साधारण १५ मिलिमीटर उचलतो. ८ च्या वर असेल तर ताकद चांगली, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा कमी असेल तर कमजोर.

यासोबत डोळा मिटल्यावर बुबुळ वर जातं का, अश्रू पुरेसे आहेत का, बुबुळाची संवेदना आहे का हेही बघतात. या तपासण्या टाळू नका. ऑपरेशननंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहू शकतो आणि तेव्हा बुबुळाचं रक्षण याच गोष्टी करतात.

जुने फोटो फार कामाला येतात. पापणी जन्मापासून पडलेली की पाच वर्षांत पडली, हे लग्नाच्या अल्बमवरून किंवा आधार कार्डावरच्या फोटोवरून लगेच कळतं. दवाखान्यात जाताना दोन-तीन फोटो सोबत न्या.

ऑपरेशनचे तीन मुख्य प्रकार

पहिला, लिव्हेटर आवळण्याचा. स्नायूची ताकद चांगली किंवा मध्यम असेल तर हा करतात. पापणीच्या नैसर्गिक घडीत छेद घेऊन सैल झालेला पडदा पुढे ओढून शिवतात किंवा स्नायू थोडा आखूड करतात. छेद घडीतच असल्याने व्रण सहसा दिसत नाही. मोठ्या माणसांत हे जागेवर भूल देऊन होतं. मध्येच डॉक्टर डोळा उघडायला, कधी उठून बसायला सांगतात आणि उंची जुळली का ते बघतात. घाबरून जाऊ नका, रुग्ण जागा असतो तो याच कामासाठी.

दुसरा, पापणीच्या आतल्या बाजूने म्युलरचा स्नायू आखूड करण्याचा. पापणी थोडीच पडलेली असेल आणि फिनायलेफ्रिनचा थेंब घातल्यावर ती वर येत असेल, तर ही पद्धत चालते. बाहेर छेद नसतो.

तिसरा, 'स्लिंग'. स्नायूत ताकदच नसेल तर तो कितीही आवळून उपयोग नाही. मग पापणीला आतून दोरीसारखा धागा किंवा पट्टी लावून ती कपाळाच्या स्नायूला जोडतात. भुवई वर केली की पापणी वर येते. जन्मजात तीव्र टोसिसमध्ये मुख्यतः हेच करतात. पट्टी सिलिकॉनची असते किंवा मुलाच्याच मांडीतल्या मजबूत आवरणातून काढतात. मांडीतली पट्टी मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावरच पुरेशी मिळते. म्हणून तान्ह्या बाळात आधी सिलिकॉन लावतात. ते काही वर्षांनी सैल होऊ शकतं आणि पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. हे अपयश नाही, नजर वाचवण्यासाठी उचललेलं पहिलं पाऊल आहे.

लहान मुलांना पूर्ण भूल लागते. भुलेआधी किती तास काही द्यायचं नाही हे डॉक्टर सांगतील तसंच पाळा. 'रडतंय म्हणून दोन घोट दूध दिलं' हे लपवू नका, पोटातलं दूध भुलेत श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ऑपरेशन झाल्यावर

पहिल्या काही दिवसांत पापणी सुजते, काळी-निळी होते. सूज उतरायला दोनेक आठवडे लागतात आणि खरा आकार दिसायला सहा आठवड्यांपासून तीन महिने. आठव्या दिवशी आरशात बघून 'ऑपरेशन बिघडलं' असं ठरवू नका. टाके काढायचे असतील तर साधारण आठवड्याने काढतात.

रात्री झोपताना डोळ्यात मलम आणि दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब सांगितले असतील तितके दिवस घाला. चुलीचा धूर, भातझोडणीची धूळ, बागेतली फवारणी, खाडीत किंवा समुद्रात पोहणं हे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. काजळ, मध, तेल, दुधाचे थेंब डोळ्यात घालू नका, ऑपरेशनआधीही नाही आणि नंतर तर नाहीच.

स्लिंग झालेल्या मुलाचा डोळा झोपेत थोडा उघडा राहतो आणि खाली बघताना पापणी पूर्ण खाली येत नाही. हे अपेक्षित आहे. शेजारीपाजारी बोलतील, त्यांना समजावून सांगा.

मुलांच्या पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ऑपरेशनने पापणी उघडते, आळशी झालेला डोळा आपोआप बघायला लागत नाही. त्यासाठी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी असा उपचार महिनोन् महिने करावा लागतो. मूल पट्टी काढून टाकतं, रडतं, आणि पालक कंटाळून सोडून देतात. ऑपरेशनचा खरा फायदा याच टप्प्यावर वाया जातो.

धोके कोणते?

पापणी कमी उचलली जाणं किंवा दोन डोळ्यांत थोडा फरक राहणं, हे सर्वांत जास्त दिसतं. काहींना दुरुस्तीचं छोटं ऑपरेशन लागतं. पापणी जास्त उचलली गेली तर डोळा मिटत नाही, कोरडा पडतो, बुबुळावर जखम होऊ शकते. एका बाजूची पापणी वर घेतली की दुसरी थोडी खाली येते असंही होतं, कारण दोन्ही पापण्यांना मेंदूचा हुकूम एकच असतो. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके कुठल्याही ऑपरेशनसारखे इथेही आहेत.

ऑपरेशननंतर जोरात दुखायला लागलं, नजर एकदम कमी झाली, डोळा फुगून पुढे आला, पू आला किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरतं.

जिल्ह्यात कुठे दाखवायचं?

मुलांसाठी पहिली पायरी घराजवळच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांना वर्षातून एकदा तपासतं. पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि पापणीबद्दल स्वतःहून सांगा. पथक पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतं. तपासणी नुकतीच होऊन गेली असेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा.

दापोली, कळंबणी आणि कामथे इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, रत्नागिरीत जिल्हा शासकीय रुग्णालय आहे आणि चिपळूण तालुक्यात सावर्डे-डेरवणला वालावलकर रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. पापणीचं ऑपरेशन करणारे नेत्रतज्ज्ञ वेगळे असतात, त्यांना ऑक्युलोप्लास्टी सर्जन म्हणतात. 'पापणीचे डॉक्टर कोणत्या वारी येतात' हे फोन करून विचारा, म्हणजे मंडणगडहून किंवा राजापूरहून फेरी फुकट जाणार नाही. गुंतागुंतीच्या केसेस मुंबईचं जे. जे. रुग्णालय, कोल्हापूरचं सीपीआर किंवा पुण्याच्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत पाठवल्या जातात. राजापूर, लांजा भागातून कोल्हापूर जवळ पडतं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची चौकशी करा. रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारायचं. योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. नुसतं दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन योजनेत धरत नाहीत, म्हणून दिसण्यात अडथळा येतो याची नोंद, म्हणजे पापणीची मापं आणि फोटो, कागदावर असायला हवी.

जाताना सोबत काय न्यायचं?

- जुने फोटो, त्यातला एक तरी समोरून काढलेला
- सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या-औषधांची चिठ्ठी, मधुमेह-रक्तदाबाचे कागद
- आधीचा चष्मा आणि नंबराचा कागद
- पापणी सकाळी आणि संध्याकाळी कशी दिसते, याचे मोबाइलवर काढलेले दोन फोटो
- लहान मूल असेल तर ते दूध पिताना किंवा खाताना काढलेला छोटा व्हिडिओ

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: पापणी कशामुळे पडली? स्नायूची ताकद किती मिलिमीटर आहे? मुलाच्या बाबतीत, त्या डोळ्याची नजर आज किती आहे? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक तपासणीत ते वाढलं की घटलं, यावरूनच पुढे घाई करायची की थांबायचं ते ठरेल.